लिंकर बदलण्याआधी: वेग आणि सुसंगतता स्वतःच्या प्रोजेक्टवर कशी तपासावी

एकच फाइल बदलली तर कंपाइलर तेवढीच फाइल पुन्हा कंपाइल करतो. कंपाइल झालेले तुकडे, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली, जोडून चालवता येणारी एक फाइल (बायनरी) बनवणाऱ्या लिंकरला ही सवलत सहसा नाही. त्याला दर वेळी सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी उघडाव्या लागतात, कोणतं सिम्बॉल (फंक्शन किंवा व्हेरिएबलचं नाव) कुठून घ्यायचं ते ठरवावं लागतं आणि अख्खी बायनरी नव्याने लिहावी लागते. म्हणूनच प्रोजेक्ट जसा वाढतो तसा ‘बदल करा, चालवून पाहा’ या फेरीतला वेळ कंपाइलरकडून लिंकरकडे सरकत जातो. दिवसभर हीच फेरी मारणाऱ्या माणसाचं तीस सेकंदांचं लिंकिंग तीन सेकंदांवर आलं, तर हातातला विचार मध्येच सुटत नाही. मला लिंकरच्या वेगाचं महत्त्व वाटतं ते यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिनक्सवर रोजच्या डेव्हलपमेंटसाठी मोल्ड किंवा एलएलडी हे वेगवान लिंकर वापरायला हरकत नाही, आणि मोठ्या सी प्लस प्लस किंवा रस्ट प्रोजेक्टमध्ये तर वापरावाच. पण लोकांच्या हाती जाणारी रिलीजची बायनरी कोणत्या लिंकरने बांधायची, हा वेगळा निर्णय आहे. तो घेण्याआधी वेगाइतकीच सुसंगतताही तपासली पाहिजे, आणि तीही आपल्याच कोडवर. ती तपासणी कशी करायची ते पुढे क्रमाने दिलं आहे.

## कोणकोणते लिंकर आहेत

बहुतेक लिनक्स डिस्ट्रोंमध्ये आपसूक मिळतो तो ग्नू एलडी. तो बिनयूटिल्सचा भाग आहे आणि बीएफडी या लायब्ररीवर उभा असल्यामुळे ‘बीएफडी लिंकर’ म्हणूनही ओळखला जातो. जुनी आर्किटेक्चर, एम्बेडेड बोर्ड, पानभर लांब लिंकर स्क्रिप्ट, सगळं तो निमूटपणे सांभाळतो. वेगात मात्र मागे पडतो, कारण त्याचं काम मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतं.

२००८ मध्ये बिनयूटिल्समध्ये गोल्ड आला. गूगलमध्ये असताना इयन लान्स टेलर यांनी तो फक्त एल्फ या लिनक्सवरच्या बायनरींच्या फॉरमॅटसाठी, वेग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता. बरीच वर्षं ‘वेगवान लिंकर’ म्हणजे गोल्ड असं समीकरण होतं. पण २०२५ मध्ये आलेल्या बिनयूटिल्स २.४४ ने त्याला डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये असं) ठरवलं आणि मुख्य सोर्स टारबॉलमधून बाहेर काढलं. तुमच्या बिल्ड फाइलींमध्ये गोल्डचं नाव अजून असेल तर ते काढायची वेळ झाली आहे. नव्याने त्याच्याकडे वळण्यात काहीच अर्थ नाही.

एलएलडी हा एलएलव्हीएम या कंपाइलर प्रकल्पाचा लिंकर. एल्फ, विंडोजचा कॉफ, मॅकचा माक-ओ आणि वेबअसेम्ब्ली या चारही फॉरमॅटसाठी त्याची रूपं आहेत. फ्रीबीएसडी आणि अँड्रॉइड एनडीके (अँड्रॉइडसाठी सी, सी प्लस प्लस कोड बांधायचा संच) यांनी तो डिफॉल्ट केला आहे. सप्टेंबर २०२५ मधल्या रस्ट १.९० पासून ६४-बिट एक्स८६ लिनक्सवर रस्टही आपसूक त्याचाच वापर करतो. इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरला गेल्यामुळे त्याच्यातले खाचखळगे बहुतेक माहीत झाले आहेत, आणि सुसंगततेच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

मोल्ड रुई उएयामा यांनी लिहिला. आधी एलएलडीवर मोठं काम त्यांनीच केलं होतं. मोल्डची १.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली, आणि २०२३ मधल्या २.० पासून परवाना कडक अटींच्या एजीपीएलऐवजी मोकळा एमआयटी झाला, त्यामुळे कंपन्यांची कायदेशीर धाकधूकही संपली. मोल्डचा वेग मुख्यतः रचनेतून येतो. सिम्बॉल जुळवणं, सारख्या स्ट्रिंग एकत्र करणं, सेक्शन (फाइलींतले कोड-डेटाचे भाग) कॉपी करणं, रिलोकेशन लावणं (कोडमधले पत्ते भरणं) ही सगळी कामं तो सर्व कोअरवर एकाच वेळी पसरवतो. याशिवाय रस्टमध्ये लिहिलेला वाइल्ड नावाचा नवा लिंकर आहे. डेव्हिड लॅटिमोर यांनी तो इन्क्रिमेंटल लिंकिंगचं, म्हणजे बदललेला भागच पुन्हा लिंक करण्याचं, उद्दिष्ट ठेवून सुरू केला. प्रयोग म्हणून जरूर वापरून पाहा, रिलीजसाठी मी तो इतक्यात सुचवणार नाही.

फरकाचा अंदाज यावा म्हणून मोल्डच्या प्रकल्पानेच दिलेले आकडे पाहा. डीबग माहितीसह सुमारे दीड जीबीची क्लँग १९ या कंपाइलरची बायनरी लिंक करायला ग्नू एलडीला ४२ सेकंद लागले, गोल्डला ३३, एलएलडीला ५.२ आणि मोल्डला १.३५. ग्नू एलडीवरून एलएलडीवर गेल्यावर जवळपास ३७ सेकंद वाचतात, आणि तिथून मोल्डवर गेल्यावर आणखी चार. गुणोत्तर पाहिलं तर दुसरी उडीही मोठी वाटते, पण माणसाच्या वाट पाहण्यात खरा फरक पडतो तो पहिल्या उडीने. तुमची बायनरी पन्नास एमबीची असेल तर एलएलडी आणि मोल्ड यांच्यातला फरक जाणवणारही नाही. मग सुसंगततेवरून निवड करा.

## आधी खात्री करा की वेळ लिंकिंगमध्येच जातोय

निन्जा हे बिल्ड चालवणारं साधन वापरत असाल तर बिल्ड डिरेक्टरीतली निन्जा लॉग ही लपलेली फाइल उघडा. तिच्या प्रत्येक ओळीत पहिले दोन आकडे म्हणजे त्या पायरीची सुरुवात आणि शेवट, मिलिसेकंदांत. एक फाइल बदलून बिल्ड करा आणि लिंकच्या ओळीतला फरक काढा. एकूण वीस सेकंदांतले अठरा कंपाइलिंगचे निघाले, तर लिंकर बदलून काही हाती लागणार नाही. हेडर फाइलींच्या गुंत्याकडे वळा.

लिंकिंगच खातंय असं दिसलं, तरी लिंकरपुढे जाणारा माल आधी कमी करता येतो का ते बघा. डीबग बिल्डमध्ये ऑब्जेक्ट फाइलींचा मोठा हिस्सा ड्वार्फ या डीबग माहितीच्या फॉरमॅटच्या सेक्शनांनी व्यापलेला असतो. ‘-जीस्प्लिट-ड्वार्फ’ हा कंपाइलरचा पर्याय दिला की त्यातली बहुतेक माहिती वेगळ्या फाइलींत राहते आणि लिंकरपर्यंत येतच नाही. ग्नू एलडीवरच राहणं ज्यांना भाग आहे त्यांच्यासाठी तर हा पहिला उपाय. उलट डीबग सेक्शन कॉम्प्रेस करण्याचा पर्याय चालू असेल, तर डिस्कवरची जागा वाचते पण लिंकिंगचा वेळ वाढतो. डेव्हलपमेंट बिल्डमध्ये तो बंद ठेवा.

लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (लिंक करताना सगळा कोड एकत्र पाहून सुधारणं), म्हणजे एलटीओ, चालू असेल तर गणितच वेगळं. तेव्हा लिंकिंगच्या नावाखाली जाणारा बहुतेक वेळ खरं तर ऑप्टिमायझर आणि कोड जनरेशनचा असतो, आणि कोणताही लिंकर आणला तरी तो वेळ जिथल्या तिथे राहतो. क्लँगवर असाल तर पूर्ण एलटीओऐवजी थिन-एलटीओ हे त्याचं हलकं रूप आणि त्याची कॅशे वापरा, त्याने खरा फरक पडतो. आणखी एक पक्की मर्यादा लक्षात ठेवा: जीसीसी या कंपाइलरच्या एलटीओ ऑब्जेक्ट फाइली एलएलडीला लिंक करता येत नाहीत, कारण जीसीसीचं लिंकर प्लगइन तो चालवत नाही. ग्नू एलडी आणि मोल्ड चालवतात. जीसीसी आणि एलटीओ ही जोडी तुमच्याकडे असेल तर एलएलडी इथेच बाद होतो.

## लिंकची कमांड सुटी करा

अख्खा बिल्ड मोजून लिंकरची तुलना होत नाही. शेवटची एक कमांड वेगळी काढायची आणि तीच पुन्हा पुन्हा चालवायची.

निन्जामध्ये ‘-टी कमांड्स’ या उपकमांडला टार्गेटचं नाव दिलं की तिथवरच्या सगळ्या कमांडी छापून येतात, त्यातली शेवटची लिंकची असते. सीमेक या बिल्ड फाइली बनवणाऱ्या साधनाने बनवलेल्या मेकफाइलमध्ये मेकला ‘व्हर्बोस’ एक असं सांगा. रस्टमध्ये रस्टसी या कंपाइलरला ‘लिंक-आर्ग्ज’ छापायला सांगता येतं. मिळालेली लांबलचक यादी एका रिस्पॉन्स फाइलमध्ये टाका आणि कमांडमध्ये ‘@’ चिन्हापुढे तिचं नाव द्या. आता कमांड एका ओळीत मावते आणि बदलायचं असतं ते फक्त लिंकरचं नाव.

लिंकर निवडायचा तो कंपाइलरच्या ‘-एफयूज-एलडी’ या पर्यायाने: बरोबर चिन्हापुढे ‘बीएफडी’, ‘एलएलडी’ किंवा ‘मोल्ड’. लिंकर थेट हाताने चालवू नका. स्टार्टअप फाइली, सी लायब्ररीचा मार्ग, डायनॅमिक लोडरचं नाव हे सगळं कंपाइलर ड्रायव्हर पुरवत असतो. जीसीसीला ‘मोल्ड’ हे नाव १२.१ पासूनच कळतं. त्याआधीची आवृत्ती असेल तर ‘-बी’ पर्यायाने मोल्डची ती डिरेक्टरी दाखवा, जिच्यात ‘एलडी’ नावाची सिमलिंक आहे.

दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं असेल तर एलएलडीचा ‘--रीप्रोड्यूस’ पर्याय हाताशी ठेवा. लिंकसाठी लागलेल्या सगळ्या फाइली आणि कमांडचे पर्याय तो एका टार फाइलमध्ये बांधून देतो. मोल्डमध्ये याच कामासाठी ‘--रेप्रो’ आहे. लिंकरमधला बग कळवायचा असेल तेव्हाही हीच टार फाइल जोडायची.

## दोन्हीकडे अटी सारख्याच

इथे बहुतेक तुलना घसरतात. एक लिंकर बिल्ड-आयडी (बायनरीची ओळख पटवणारी खूण) काढतोय आणि दुसरा नाही, तर पहिला विनाकारण मागे पडतो, कारण बिल्ड-आयडीसाठी अख्ख्या बायनरीचा हॅश काढावा लागतो. म्हणून हे पर्याय स्पष्टपणे लिहून दोन्हीकडे एकसारखे ठेवा: बिल्ड-आयडी, न वापरलेले सेक्शन टाकून देणारा ‘--जीसी-सेक्शन्स’, डीबग सेक्शनांचं कॉम्प्रेशन, जीडीबी या डीबगरसाठीची सूची आणि लिंकरचा स्वतःचा ऑप्टिमायझेशन स्तर. एकसारख्या फंक्शनांचं एकत्रीकरण, म्हणजे आयसीएफ, तुलनेत बंदच ठेवा. ग्नू एलडीमध्ये ती सोयच नाही, आणि बायनरीचा आकार बदलला की वेगाच्या आकड्यालाही अर्थ उरत नाही.

कोअरची संख्या हाही अटीचाच भाग. तुमच्या मशीनला बत्तीस थ्रेड आहेत आणि टीममधल्या बाकीच्यांच्या लॅपटॉपला आठ, तर आठवर मोजा. टास्कसेट या कमांडने प्रोसेस ठरावीक कोअरांवर बांधता येते. समांतर काम करणाऱ्या लिंकरांचा फायदा कोअर कमी झाले की आटतो, आणि निर्णय टीमसाठी घ्यायचा असतो.

## मोजणी

हायपरफाइन हे छोटं साधन या कामासाठी उत्तम आहे. त्याच्या ‘-एल’ पर्यायाला लिंकरांच्या नावांची यादी दिली की प्रत्येकासाठी तीच कमांड तो अनेकदा चालवतो आणि सरासरी, विचलन, किमान, कमाल असं सगळं मांडून देतो. ‘--वॉर्मअप’ पर्यायाने पहिल्या दोन-तीन फेऱ्या मोजणीबाहेर ठेवा, म्हणजे सगळ्या इनपुट फाइली मेमरीतल्या पेज कॅशेमध्ये आलेल्या असतील. रोजच्या कामात त्या तशाच असतात, कारण कंपाइलरने त्या नुकत्याच लिहिलेल्या असतात. मात्र सीआय, म्हणजे आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या, सर्व्हरसाठी निर्णय घेत असाल तर थंड, म्हणजे रिकाम्या, कॅशेची मोजणी वेगळी करा. तिथे कधी कधी डिस्कच सगळा वेळ खाते आणि चारही लिंकर एका रांगेत येऊन बसतात.

आधीची बायनरी जागेवर आहे की नाही, यानेही फाइलसिस्टिमचा खर्च बदलतो. दर फेरीआधी ती पुसायची की ठेवायची हे ठरवा आणि सगळ्यांना तोच नियम लावा. प्रत्यक्ष कामात ती जागेवर असते, म्हणून मी ठेवतो. आउटपुटही प्रोजेक्टच्याच डिस्कवर जाऊ द्या.

मोल्डच्या बाबतीत एक गोष्ट माहीत नसेल तर आकडे फसवतात. मोल्ड सुरू होताच एक चाइल्ड प्रोसेस तयार करतो आणि खरं काम तिच्याकडे देतो. बायनरी लिहून झाली की मूळ प्रोसेस लगेच बाहेर पडते, आणि वापरलेली मेमरी सिस्टिमला परत करण्याचं काम मागे चालू राहतं. घड्याळाचा वेळ यात खरा असतो, कारण तुमची वाट पाहणं तेवढंच असतं. पण टाइम कमांडने सीपीयूचा वेळ किंवा कमाल मेमरी पाहायला गेलात, तर नुसत्या मूळ प्रोसेसचे क्षुल्लक आकडे दिसतात आणि मोल्ड जवळजवळ मेमरीच वापरत नाही असं वाटतं. मेमरी मोजताना ‘--नो-फोर्क’ द्या. वाइल्डही असाच फोर्क करतो, त्यालाही हाच पर्याय आहे.

मेमरी मोजायलाच हवी, कारण खऱ्या बिल्डमध्ये एक लिंक एकटी चालत नाही. ज्या प्रोजेक्टमध्ये चाळीस चाचण्यांच्या चाळीस बायनरी आहेत, तिथे निन्जा त्या एकाच वेळी लिंकला लावतो आणि प्रत्येक लिंकर सगळे कोअर मागतो. एकट्याने दहापट वेगवान असलेला लिंकर अशा गर्दीत तितका पुढे दिसत नाही, आणि मेमरी संपली तर बिल्डच कोसळतो. सीमेकमध्ये लिंकसाठी वेगळा जॉब पूल ठेवता येतो. मोल्डसाठी ‘मोल्ड जॉब्ज’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकवर ठेवलं की एका वेळी एकच मोल्ड काम करतो, बाकीचे रांगेत थांबतात. म्हणून सुट्या कमांडच्या मोजणीनंतर एकदा सगळ्या बायनरी पुसून पूर्ण लिंकिंगचा वेळही मोजा.

## सुसंगतता: लायब्ररींचा क्रम

लिंक बिनतक्रार पार पडली म्हणजे सुसंगतता सिद्ध झाली, असं समजू नका. सगळ्यात त्रासदायक फरक अगदी शांतपणे येतात, आणि त्यांतला पहिला आर्काइव्हच्या, म्हणजे स्टॅटिक लायब्ररींच्या, क्रमाचा.

समजा, तुमच्या प्रोग्रॅमला ‘पार्स’ हे फंक्शन हवं आहे. ते ‘क’ या स्टॅटिक लायब्ररीत आहे, आणि त्याला स्वतःला ‘लॉग’ हे फंक्शन लागतं, जे ‘ख’ मध्ये आहे. कमांडवर कोणीतरी ‘ख’ आधी आणि ‘क’ नंतर लिहिलं. ग्नू एलडी डावीकडून उजवीकडे जातो. ‘ख’ पाशी पोचतो तेव्हा ‘लॉग’ कोणीच मागितलेलं नसतं, म्हणून तो काहीही न उचलता पुढे जातो. मग ‘क’ मधून ‘पार्स’ घेतो, तेव्हा ‘लॉग’ ची गरज उभी राहते, पण मागे वळून पाहायचा त्याचा रिवाज नाही. शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ची एरर येते. एलएलडी आणि मोल्ड मात्र वाटेत दिसलेल्या प्रत्येक आर्काइव्हमधली सिम्बॉलं लक्षात ठेवतात, त्यामुळे हीच कमांड त्यांच्याकडे सुरळीत चालते.

एलएलडीवर काम करणाऱ्याला हा क्रम चुकल्याचं कळणारच नाही. ग्नू एलडीने बिल्ड करणाऱ्या डिस्ट्रोच्या पॅकेजरला ते कळेल, तेही काही महिन्यांनी. यावर एलएलडीमध्ये ‘--वॉर्न-बॅकरेफ्स’ हा इशारा आहे. दोन्ही लिंकरांवर चालायला हवा अशा कोणत्याही कोडसाठी तो चालूच ठेवावा.

याच उदाहरणात शेवटी ‘ग’ नावाची शेअर्ड लायब्ररी जोडा, आणि तिच्यातही एक ‘लॉग’ आहे असं धरा. आता क्रम झाला ख, क, ग. ग्नू एलडी ‘ख’ ला मागे टाकून आलेला असतो, म्हणून ‘लॉग’ ची गरज ‘ग’ भागवते. एलएलडी ‘ख’ मधलं ‘लॉग’ उचलतो. एरर नाही, इशारा नाही, आणि दोन बायनरींमध्ये दोन वेगळी फंक्शनं चालतात. मेमरी देणाऱ्या-घेणाऱ्या फंक्शनांबाबत किंवा एकाच कॉम्प्रेशन लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांबाबत असं झालं तर दोष शोधताना दिवस जातात. शंका आली की लिंकरला ‘--ट्रेस-सिम्बॉल’ या पर्यायाने त्या सिम्बॉलचं नाव द्या. ते कुणी मागितलं आणि कुणी दिलं हे फाइलींच्या नावांसह छापून येतं. दोन्ही लिंकरांचा हा तपशील शेजारी ठेवला की गुपित एका मिनिटात उघडं पडतं.

## सुसंगतता: बाकीचे खटके

लिंकर स्क्रिप्ट हा सगळ्यात सोपा निकष. तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःची लिंकर स्क्रिप्ट असेल, म्हणजे फ्लॅश इथे, रॅम तिथे, हा सेक्शन त्या पत्त्यावर असा मजकूर असेल, तर मोल्डचा विचार सोडा. सी लायब्ररीच्या नावाने मिळणारी छोटी टेक्स्ट फाइल वाचण्यापुरत्या स्क्रिप्ट त्याला समजतात, पूर्ण भाषा तो मुद्दामच राबवत नाही. एलएलडीला भाषेचा बराच मोठा भाग येतो. लिनक्स कर्नल एलएलडीने लिंक करता येतो यावरून त्याची तयारी लक्षात यावी. मायक्रोकंट्रोलरसाठी मात्र चिप बनवणाऱ्याने दिलेली स्क्रिप्ट ग्नू एलडीवरच तपासलेली असते, तिथे तोच ठेवलेला बरा. अशा बायनरी लहानच असतात, वेगाचा प्रश्न फारसा येत नाही.

शेअर्ड लायब्ररी बनवत असाल तर व्हर्जन स्क्रिप्टमधली, म्हणजे बाहेर दाखवायच्या सिम्बॉलांच्या यादीतली, जुनी नावं एलएलडीला खटकतील. यादीत आहे पण कोडमध्ये नाही असं सिम्बॉल आढळलं तर १६ व्या आवृत्तीपासून एलएलडी ते एरर मानतो. ‘--अनडिफाइन्ड-व्हर्जन’ देऊन ती गप्प करता येते, पण मी आधी यादी साफ करेन. कोडमधून गेलेलं फंक्शन यादीत उरलेलं असणं ही सहसा खरीच चूक असते, आणि एलएलडीने ती दाखवून उपकारच केलेले असतात.

प्लगइन किंवा चाचण्यांची नोंदणी खास नावाच्या सेक्शनमध्ये करून ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ सिम्बॉलांमधून ती वाचायची, ही रीत सी मध्ये बरीच रूढ आहे. ‘--जीसी-सेक्शन्स’ चालू असताना ग्नू एलडी असे सेक्शन राखतो. एलएलडी १३ पासून ते निकामी समजून टाकू शकतो. मग एकतर ती सिम्बॉलं सापडत नाहीत, नाहीतर प्रोग्रॅम चालतो पण नोंदणीची यादी रिकामी येते. तात्पुरता उपाय म्हणजे ‘-झेड नोस्टार्ट-स्टॉप-जीसी’. कायमचा उपाय म्हणजे कोडमध्ये त्या व्हेरिएबलांना ‘रिटेन’ ॲट्रिब्यूट लावणं.

हाताने लिहिलेल्या जुन्या ३२-बिट असेम्ब्लीत टेक्स्ट रिलोकेशन, म्हणजे प्रोग्रॅम लोड होताना कोडमध्येच भरावे लागणारे पत्ते, असतात. ग्नू एलडी तिथे इशारा देऊन पुढे जातो, एलएलडी सरळ थांबतो. शक्य असेल तर ते असेम्ब्ली दुरुस्त करा.

आयसीएफ चालू करण्याचा मोह होतो, कारण बायनरी लहान होते. पण त्याचा ‘ऑल’ प्रकार दोन वेगळ्या फंक्शनांना एकच पत्ता देऊ शकतो. फंक्शन पॉइंटरची तुलना करणारं कोड त्यामुळे मोडतं, आणि स्टॅक ट्रेसमध्ये भलतंच नाव दिसतं. ‘सेफ’ प्रकारापलीकडे जाऊ नका.

## तयार बायनरी शेजारी ठेवून पाहा

आधी बायनरी खरंच अपेक्षित लिंकरने बांधली का ते पाहा. रीडएल्फ या कमांडने ‘.कॉमेंट’ सेक्शन छापला की एलएलडी आणि मोल्ड यांनी तिथे आपलं नाव आणि आवृत्ती लिहिलेली सापडते. ग्नू एलडी असं काही लिहीत नाही. हे तपासणं क्षुल्लक वाटेल, पण बिल्ड सिस्टिमने तुमचा पर्याय मध्येच गाळला असेल तर तुम्ही ग्नू एलडीचीच ग्नू एलडीशी तुलना करत बसाल.

मग रीडएल्फनेच डायनॅमिक सेक्शन छापून दोन्ही बायनरींची तुलना करा. कोणत्या शेअर्ड लायब्ररी लागतात ती यादी तंतोतंत जुळायला हवी. लायब्ररी शोधण्याचा मार्ग ‘आरपाथ’ म्हणून नोंदला आहे की ‘रनपाथ’ म्हणून, हेही बघा. आरपाथ ‘एलडी लायब्ररी पाथ’ या व्हेरिएबलच्या आधी पाहिला जातो आणि लायब्ररींच्या लायब्ररींनाही लागू पडतो. रनपाथ त्या व्हेरिएबलनंतर पाहिला जातो आणि फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररींपुरता असतो. स्वतःच्या डिरेक्टरीतून लायब्ररी उचलणारी ॲप्लिकेशनं या एका फरकाने ‘लायब्ररी सापडली नाही’ म्हणून बंद पडू शकतात.

शेअर्ड लायब्ररी असेल तर एनएम कमांडने बाहेर दिसणारी सिम्बॉलं काढा, नावांनुसार लावा आणि डिफने ताडून पाहा. ही तुलना रिकामी आली पाहिजे. एक जरी नाव कमी-जास्त असेल तर एबीआय, म्हणजे तयार बायनरींचा एकमेकींशी असलेला करार, बदलला आहे. बायनरीचा एकूण आकार, सेगमेंटांची मांडणी, पत्ते मात्र वेगळे असणारच, कारण प्रत्येक लिंकरची मांडणीची पद्धत वेगळी आहे. त्यावरून घाबरून जाऊ नका.

शेवटी प्रत्यक्ष चालवणं. नेहमीच्या चाचण्यांखेरीज काही गोष्टी मुद्दाम करून बघा: एका शेअर्ड लायब्ररीतून फेकलेली सी प्लस प्लस एक्सेप्शन दुसरीत पकडणं, रनटाइमला प्लगइन लोड करणं, थ्रेड-लोकल व्हेरिएबल, ग्लोबल ऑब्जेक्टांच्या कन्स्ट्रक्टरचा क्रम. मग तीच बायनरी जीडीबीत उघडून ब्रेकपॉइंट लावा, पर्फने प्रोफाइल काढा. लिंकनंतर बायनरीवर काम करणारी साधनं असतील, जसं स्ट्रिप, पॅचएल्फ किंवा बोल्ट, तर ती सगळी साखळी एकदा पूर्ण चालवा. नव्या लिंकरने बांधलेली बायनरी स्वतः उत्तम चालते आणि पॅचएल्फच्या जुन्या आवृत्तीने हात लावल्यावर मोडते, असंही होऊ शकतं.

## विंडोज आणि मॅक

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लिंकरला इन्क्रिमेंटल लिंकिंग येतं, त्यामुळे छोट्या बदलांनंतर तो तसा चपळ असतो. एलएलडीचं विंडोज रूप, एलएलडी-लिंक, तेच पर्याय बहुतांशी समजतं आणि डीबग माहितीच्या पीडीबी फाइलीही बनवतं. पूर्ण लिंकची तुलना करताना मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचा इन्क्रिमेंटल पर्याय बंद करा आणि रोजच्या छोट्या बदलाची मोजणी त्यासह वेगळी करा. मॅकवर एक्सकोड १५ सोबत ॲपलने नवा समांतर लिंकर आणला. तो पुरेसा वेगवान आहे, म्हणून बाहेरचा शोधण्याची गरज तिथे क्वचितच पडते.

## बिल्डमध्ये बसवताना

सीमेक ३.२९ पासून ‘सीमेक लिंकर टाइप’ हे व्हेरिएबल आहे, त्याला मोल्ड किंवा एलएलडी सांगितलं की झालं. जुन्या सीमेकमध्ये एक्झिक्युटेबल, शेअर्ड लायब्ररी आणि मॉड्यूल या तिन्हींच्या लिंकर फ्लॅगमध्ये ‘-एफयूज-एलडी’ वेगवेगळा घालावा लागतो, आणि बहुतेकांचा त्यातला एखादा राहून जातो. मेसन या बिल्ड साधनात ‘सीसी एलडी’ आणि ‘सीएक्सएक्स एलडी’ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत. रस्टच्या कार्गो या बिल्ड साधनाच्या कॉन्फिग फाइलमध्ये टार्गेटखाली लिंकर म्हणून क्लँग आणि रस्टफ्लॅग्जमध्ये लिंक-आर्ग लिहा. बिल्ड फाइलींना हात न लावता नुसतं करून पाहायचं असेल तर ‘मोल्ड -रन’ पुढे तुमची मेकची कमांड लिहा. तो मध्ये एलडीला बोलावणाऱ्या प्रक्रिया पकडून स्वतः पुढे होतो.

हा बदल प्रोजेक्टमध्ये सगळ्यांवर लादू नका. लिंकर उपलब्ध असेल तर वापरा, नसेल तर सिस्टिमचा चालेल, असा पर्याय ठेवा. ज्याच्याकडे मोल्ड नाही त्याचा बिल्ड मोडता कामा नये. रिलीजची पाइपलाइन लिंकरच्या एका ठरावीक आवृत्तीवर बांधून ठेवा, आणि ती आवृत्ती वाढवाल तेव्हा वरची डायनॅमिक सेक्शन आणि सिम्बॉलांची तुलना पुन्हा करा. सीआयमध्ये रात्रीचा एक बिल्ड ग्नू एलडीने चालू ठेवा. लायब्ररींचा चुकलेला क्रम तोच पकडतो, आणि दिवसभराच्या कामात त्याची वाट कोणालाच पाहावी लागत नाही.